टू-फेज फ्लोचा कोड लिहितोय, पाणी पहिल्याच सेलमध्ये अडकून बसतंय आणि सॅच्युरेशन एकच्या वर जातंय

सच्छिद्र२१

नमस्कार मंडळी, एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी तेल आणि पाणी एकत्र सच्छिद्र खडकातून कसं वाहतं याचा छोटा सिम्युलेटर पायथनमध्ये स्वतः लिहितोय. तयार सॉफ्टवेअर वापरायचं नाही असं गाइडचं म्हणणं आहे आणि मलाही ते पटलंय.

सेटअप अगदी साधा ठेवलाय. एका दिशेतला फ्लो, १०० सेल, पोरोसिटी (खडकातल्या छिद्रांचा वाटा) ०.२, पर्मिएबिलिटी (खडक द्रव किती सहज जाऊ देतो) सगळीकडे १०० मिलिडार्सी, दोन्ही द्रव इनकॉम्प्रेसिबल म्हणजे न दबणारे, ग्रॅव्हिटी नाही, कॅपिलरी प्रेशर (बारीक छिद्रांत दोन द्रवांच्या प्रेशरमधला फरक) नाही. सॅच्युरेशन म्हणजे सेलच्या छिद्रांतला पाण्याचा वाटा. पाण्याची रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी (दोन द्रव एकत्र असताना त्या द्रवाच्या वाट्याला येणारा पर्मिएबिलिटीचा हिस्सा) म्हणजे सॅच्युरेशनचा वर्ग, तेलाची म्हणजे (एक वजा सॅच्युरेशन) या पूर्ण पदाचा वर्ग. तेल पाण्याच्या पाचपट घट्ट. सुरुवातीला सगळीकडे तेलच, पाणी शून्य. डावीकडून ठराविक रेटने पाणी आत, उजवीकडे प्रेशर फिक्स. पद्धत इम्पेस, म्हणजे आधी प्रेशर इम्प्लिसिट (सगळ्या सेलची समीकरणं एकत्र) सोडवतो आणि त्यावरून सॅच्युरेशन एक्स्प्लिसिट (आधीच्या स्टेपच्या आकड्यांवरून थेट) पुढे नेतो.

दोन सेलच्या मधल्या फेसवर ट्रान्समिसिबिलिटी, म्हणजे तिथून किती सहज वाहतं तो आकडा, काढताना पर्मिएबिलिटी गुणिले रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी भागिले व्हिस्कॉसिटी या पूर्ण पदाचा हार्मोनिक मीन घेतलाय, कारण पुस्तकात हार्मोनिक घ्या असंच दिलंय.

आता होतंय असं की पहिल्या सेलमध्ये पाणी भरतच जातं, दुसऱ्यात थेंबसुद्धा जात नाही, पहिल्याचं सॅच्युरेशन एकला टेकलं की प्रेशर आभाळाला भिडतं आणि कधीकधी मॅट्रिक्स सिंग्युलर असल्याची वॉर्निंग येते, कधी येतही नाही आणि सॅच्युरेशन खुशाल १.३, १.८ असं वर जात राहतं. एकच्या वर गेलं की एक करून टाका अशी ओळ टाकली तर कोड शेवटपर्यंत चालतो पण पाण्याचा हिशोब लागत नाही. मग सुरुवातीचं पाणी शून्याऐवजी ०.०१ ठेवून बघितलं तर फ्रंट, म्हणजे पाण्याची पुढची कड, पुढे सरकतो, पण ०.०१ चं ०.००१ केलं की फ्रंटची जागा बदलते आणि सेल वाढवूनही उत्तर एका जागी येत नाही. टाइमस्टेप खूप लहान करून झाला. फरक शून्य. नेमकं कुठे बघू?

डार्सीप्रेमी

टाइमस्टेपला हात लावू नकोस, भानगड हार्मोनिक मीनमध्येच आहे. एवढं नीट लिहून विचारलंस म्हणून पटकन सापडलं.

हार्मोनिक मीनमध्ये एक आकडा शून्य असला की उत्तर शून्यच येतं. दुसऱ्या सेलमध्ये पाणी शून्य, म्हणजे तिथली पाण्याची मोबिलिटी (रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी भागिले व्हिस्कॉसिटी) शून्य, म्हणजे मधल्या फेसवरची पाण्याची मोबिलिटीपण शून्य, पहिल्या सेलमध्ये कितीही पाणी असो. त्यामुळे त्या फेसमधून फक्त तेल बाहेर जातं आणि पाणी साचत राहतं. पहिला सेल पाण्याने पूर्ण भरला की तिथली तेलाची मोबिलिटीही शून्य, मग फेसवर दोन्ही द्रवांची मोबिलिटी शून्य, म्हणजे बाहेर पडायला दारच नाही आणि तू मात्र ठराविक रेटने आत ढकलतोयस, प्रेशर वर जाणार नाहीतर काय. आणि सॅच्युरेशन एकच्या पुढे पळतं त्याचं कारण तुझ्या वर्गाच्या सूत्रात आहे. एक वजा १.३ म्हणजे उणे ०.३, त्याचा वर्ग अधिक ०.०९, म्हणजे ज्या सेलमध्ये तेलाचा टिपूस नाही त्या सेलमधून तेल वाहायला लागतं आणि कोडला काही वावगं वाटत नाही. म्हणून वॉर्निंग कधी येते कधी नाही.

पुस्तकात हार्मोनिक म्हटलंय ते फक्त खडकाच्या पर्मिएबिलिटीसाठी. तिथे ते बरोबरच आहे, कारण शेजारचे दोन सेल हे एकामागे एक जोडलेले दोन अडथळे आहेत. एक १०० मिलिडार्सीचा आणि एक १ मिलिडार्सीचा सारख्या लांबीचा सेल घेतलास तर दोन्ही मिळून १.९८ च्या आसपासच पर्मिएबिलिटी मिळते, साधी सरासरी घेतली तर ५०.५ येईल आणि ते साफ खोटं. पण रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी हा खडकाचा कायमचा गुण नाही, ती त्या क्षणी त्या सेलमध्ये कोणता द्रव किती आहे त्याच्याबरोबर बदलते आणि तो द्रव वाहत पुढे जातोय. शेतात बारं देताना वरच्या वाफ्यातून खालच्या वाफ्यात पाणी किती उतरणार हे वरच्या वाफ्यात किती पाणी चढलंय त्यावर ठरतं, खालचा वाफा कोरडा ठाक आहे म्हणून पाणी बांधावर थांबत नाही. तसंच इथे, फेसवरची मोबिलिटी ज्या बाजूने द्रव येतोय त्या बाजूच्या सेलची घ्यायची. अपस्ट्रीम वेटिंग म्हणतात ते हेच.

तर बदल एवढाच. खडकाचा भाग हार्मोनिक, तो एकदाच काढून ठेव. मोबिलिटी अपस्ट्रीम, ती दर स्टेपला. आणि ती एकला कापणारी ओळ आजच्या आज काढून टाक, ती पाणी गायब करते आणि वर दुखणंही झाकून ठेवते. सॅच्युरेशन एकच्या वर गेलं तर कोड तिथल्या तिथे थांबला पाहिजे.

०.०१ वाली गोष्टही समजून घे, कारण तिथे कोड चालतो आणि फसवतो. कोरड्या बाजूचा आकडा बारीक असला की हार्मोनिक मीन जवळपास त्याच्या दुप्पट येतो, म्हणजे किती पाणी पुढे जाणार हे पुढचा कोरडा सेल ठरवतोय. म्हणून तू सुरुवातीला टाकलेल्या आकड्यावर फ्रंट नाचतो. पाण्याचा एकूण हिशोब बरोबर लागेल, पण फ्रंट मागे राहील आणि त्याच्या मागे पाणी जास्त तुंबलेलं दिसेल. नुसता मास बॅलन्स जुळला म्हणून उत्तर खरं मानायचं नाही ते यासाठीच.

सच्छिद्र२१

सर, केलं आणि लगेच फरक दिसला, सुरुवातीला पाणी शून्य ठेवूनही फ्रंट पुढे जातोय आणि सेल वाढवले की एकाच जागी टोकदार होत जातोय. पण तो बरोबर जागी आहे हे कशावरून म्हणायचं? ग्राफ तर मघाचाही बघायला छान होता.

डार्सीप्रेमी

तू निवडलेल्या केसचं उत्तर कागदावर काढता येतं. बकली आणि लेव्हरेट यांनी १९४२ मध्ये ते मांडलं आणि १९५२ मध्ये वेल्जने त्यावरून सरासरी सॅच्युरेशन काढायची सोपी रीत दिली.

एकूण फ्लोमधला पाण्याचा वाटा, म्हणजे फ्रॅक्शनल फ्लो, सॅच्युरेशनसमोर काढ, एस आकाराचा वक्र येईल. सुरुवातीच्या बिंदूतून, तुझ्या केसमध्ये शून्यातून, त्या वक्राला टँजंट टाक. जिथे टेकेल ते फ्रंटवरचं सॅच्युरेशन आणि टँजंटचा उतार म्हणजे फ्रंटचा वेग. दोन्ही रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी वर्गातल्या असल्या की हे हातानेच सुटतं. पाण्याची व्हिस्कॉसिटी भागिले तेलाची, याला आ म्हण, तर फ्रंटवरच्या सॅच्युरेशनचा वर्ग बरोबर आ भागिले (एक अधिक आ). तुझा आ ०.२ आहे, म्हणजे फ्रंटवर सॅच्युरेशन साधारण ०.४०८ आणि उतार १.७२.

आता तपासायचं काय, तर एकूण छिद्रांच्या जागेच्या ०.३ पट पाणी आत टाकल्यावर फ्रंट ०.३ गुणिले १.७२, म्हणजे लांबीच्या साधारण ०.५२ वर पाहिजे. फ्रंटच्या मागचं सरासरी सॅच्युरेशन ०.५८ पाहिजे. ब्रेकथ्रू, म्हणजे पाणी उजव्या टोकाला पोचणं, ०.५८ पट पाणी गेल्यावर व्हायला हवा, आणि त्या क्षणी उजव्या टोकाला वॉटर कट (बाहेर पडणाऱ्या द्रवातला पाण्याचा वाटा) शून्यावरून एकदम ७० टक्क्यांवर उडी मारेल. तुझा फ्रंट थोडा पसरट असेल त्यामुळे उडी जराशी तिरपी दिसेल, ते चालेल, सेल दुप्पट केल्यावर ती उभी होत गेली पाहिजे.

टाइमस्टेपबद्दल एक. बरेच जण मर्यादा फ्रंटच्या वेगावरून काढतात, ते चुकतं. मर्यादा फ्रॅक्शनल फ्लोच्या जास्तीत जास्त उतारावर ठरते, फ्रंट पसरट झाला की मधली सगळी सॅच्युरेशन्स ग्रिडवर खरोखरच येतात. तुझ्या वक्राचा सगळ्यात तीव्र उतार सॅच्युरेशन ०.२६ च्या जवळ आहे, साधारण २.४५. फ्रंटचा वेग १.७२ धरून स्टेप ठेवलीस तर फ्रंटच्या तोंडाशीच खालीवर व्हायला लागेल आणि तू पुन्हा सगळा कोड तपासत बसशील.

आणि सॅच्युरेशनचं समीकरण आत येणारं वजा बाहेर जाणारं याच रूपात ठेव. डेरिव्हेटिव्ह उलगडून उतार गुणिले ग्रेडियंट असं लिहिलंस की फ्रंट चुकीच्या वेगाने धावतो, आणि तुझ्यासारखी शून्याने सुरुवात असेल तर धावतही नाही, कारण शून्यावर उतार शून्य आहे.

गाभा

कोडचं छान मार्गी लागलंय, पण मी कोअरच्या बाजूची आहे, बरीच वर्षं खडकाचे नमुने घेऊन रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी मोजण्यात गेली, त्यामुळे मला त्या वर्गाबद्दल बोलायचंय. बेंचमार्कला वर्ग ठीक आहे, प्रोजेक्टमध्ये खरं फील्ड घेणार असाल तर उत्तर ग्रिडपेक्षा या दोन वक्रांवर जास्त हलतं, आणि बहुतेक थिसिसमध्ये ग्रिडला चाळीस पानं आणि वक्रांना अर्धं पान असतं.

डार्सीचा नियम, म्हणजे फ्लो प्रेशरच्या उताराच्या प्रमाणात असतो, हा १८५६ चा, तो एकाच द्रवाचा. दोन द्रवांना तोच नियम वेगवेगळा लावायचा आणि प्रत्येकाला एक रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी द्यायची हे १९३६ च्या आसपास वायकॉफ-बॉटसेट यांच्या वाळूवरच्या प्रयोगांतून आणि मस्कटच्या मांडणीतून आलं. म्हणजे हा वक्र कुठून सिद्ध होऊन आलेला नाही, तो मोजावा लागतो, आणि मोजताना जे केलं ते सगळं त्यात उतरतं.

बोटभर लांबीचा कोअर प्लग असतो, त्यातून पाणी ढकलून तेल बाहेर काढायचं. प्लगच्या बाहेरच्या टोकाला खडक संपतो, तिथे कॅपिलरी प्रेशर शून्यावर येतं, त्यामुळे जो द्रव खडकाला चिकटतो तो टोकाशी साचतो, लगेच बाहेर पडत नाही. लांब रिझर्व्हायरमध्ये याला काही किंमत नाही, पण बोटभर प्लगमध्ये तेवढा साठा म्हणजे सगळं मोजमाप वाकडं. रॅपोपोर्ट आणि लीज यांनी १९५३ मध्ये यासाठीच निकष दिला, लांबी, वेग आणि व्हिस्कॉसिटीचा गुणाकार पुरेसा मोठा ठेवा म्हणून. त्यामुळे कोणी वक्र दिला तर आधी विचारा की कोणत्या रेटला मोजलाय आणि रेट वाढवून परत बघितलंय का.

दुसरं वेटॅबिलिटी, म्हणजे कोणता द्रव खडकाला चिकटतो. वाळूच्या दगडात बरेचदा पाणी खडकाला चिकटतं, चुनखडीत बरेचदा तेल चिकटतं किंवा अर्धंमुर्धं. तेल चिकटणारा खडक असला की पाणी मोठ्या छिद्रांतून सरळ पुढे पळतं, पाण्याची रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी लवकर वर जाते, ब्रेकथ्रू लवकर आणि मग तेल थोडं थोडं खूप काळ येत राहतं. मी ज्या प्रोजेक्टवर होते तिथे प्लग आधी कडक सॉल्व्हंटने धुऊन काढले होते, धुतल्यावर तेलाचा थर जाऊन खडक पाणी धरायला लागला आणि वक्र भलतेच आशादायक आले. खऱ्या तेलात गरम ठेवून मुरवलेल्या प्लगांचे वक्र आले तेव्हा मॉडेलमधलं पाणी खूप आधी विहिरीला पोचलं.

आपल्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर मुंबई हाय बघा. १९७४ ला सापडलं, १९७६ पासून तेल येतंय, मुख्य थराला एल-थ्री म्हणतात, मायोसीन काळातली चुनखडी, मधेमधे शेलचे (चिकणमातीच्या घट्ट खडकाचे) पट्टे, वर गॅस कॅप म्हणजे वायूचा थर. तिथे समुद्राचं पाणी आत सोडून प्रेशर टिकवतात. अशा थरांच्या खडकात एखादा पातळ पण मोकळा पट्टा असला की पाणी त्यातूनच धावतं आणि वरखाली तेल मागे राहतं. तुमचा एका दिशेतला कोड हे दाखवूच शकत नाही, दोन दिशांत गेल्याशिवाय त्या भानगडीत पडू नका.

भूजल

गाभाताईंचं वाचून राहवलं नाही. हे सगळं तेलापुरतं नाही, जमिनीत पावसाचं पाणी मुरतं तेव्हा तिथेही दोन द्रव असतात, पाणी आणि हवा. आमच्याकडे रिचर्ड्सचं १९३१ चं समीकरण लावतात, त्यात हवेचं प्रेशर सगळीकडे वातावरणाइतकंच धरून हवेचं समीकरण टाकून देतात. बहुतेक वेळा चालतं, हवा पाण्याच्या मानाने फारच पातळ, चटकन वाट काढते. पण काळ्या मातीवर जोराचा पाऊस झाला, वरून थर भिजून बंद झाला आणि खाली मुरूम कोरडा असला की हवेला वर यायला जागा उरत नाही, ती दबते आणि मुरणं मंदावतं. तिथे दोन्ही द्रवांची समीकरणं सोडवावी लागतात.

अपस्ट्रीमचा मुद्दा आमच्याकडेही जसाच्या तसा. कोरड्या मातीत पाणी शिरताना हार्मोनिक मीन घेतलेला कोड फ्रंट अडवून धरतो आणि लोक मातीच्या पॅरामीटरला दोष देतात. व्हॅन जेनुख्टनचे मातीतल्या पाण्यासाठीचे १९८० चे वक्र वापरत असाल तर टोकाशी उतार फार तीव्र होतात, तिथे सांभाळा.

फ्योर्ड

मी नॉर्वेत याच कामात आहे. पुढची पायरी म्हणून ग्रॅव्हिटी घालणार असशील तर एक गोष्ट आत्ताच कोडमध्ये करून ठेव, अपस्ट्रीम कोणती बाजू हे प्रत्येक द्रवासाठी वेगवेगळं ठरव. एकाच एकूण वेगाच्या चिन्हावरून दोन्ही द्रवांची दिशा ठरवली तर आडव्या फ्लोमध्ये काहीही बिघडत नाही आणि उभ्या फ्लोमध्ये सगळंच बिघडतं, कारण तिथे पाणी खाली आणि हलका द्रव वर असे एकाच फेसमधून उलट दिशांना जात असतात. प्रत्येक द्रवाचं स्वतःचं प्रेशर अधिक त्याच्या घनतेचा भाग, यातला फरक बघायचा आणि त्यावरून बाजू निवडायची.

हे किती महत्त्वाचं आहे ते आमच्या उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर गॅस फील्डमध्ये दिसतं. १९९६ पासून तिथे कार्बन डायऑक्साइड उत्सिरा नावाच्या वाळूच्या थरात सोडत आलेत, सुरुवातीची बरीच वर्षं वर्षाला साधारण दहा लाख टनांपर्यंत, पाणी भरलेली वाळू आणि त्यात हलका कार्बन डायऑक्साइड, म्हणजे हेच टू-फेज. सेस्मिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेल्या जमिनीखालच्या चित्रात, दिसलं की तो वर चढत गेला आणि वाळूतल्या पातळ शेलच्या पट्ट्यांखाली एकावर एक असा नऊ थरांत पसरला. तिथे पंपाच्या जोरापेक्षा घनतेचा फरक जास्त काम करतो, आणि ते पट्टे एवढे पातळ की जाड सेलच्या ग्रिडमध्ये ते हरवूनच जातात.

कॅपिलरी प्रेशरबद्दल. ते एक्स्प्लिसिट घेतलंस तर टाइमस्टेपची मर्यादा सेलच्या लांबीच्या वर्गावर जाते, सेल निम्मा केला की स्टेप पावपट, फार हळू होतं. एकतर ते पद इम्प्लिसिट घे नाहीतर सगळंच इम्प्लिसिट कर. आणि दोन वेगळे खडक शेजारी आले की फेसवर सॅच्युरेशन सलग नसतं, कॅपिलरी प्रेशर सलग असतं. एकाच खडकाचा मोजलेला वक्र दुसऱ्याला लावताना लेव्हरेटचं जे-फंक्शन वापरतात, पर्मिएबिलिटी भागिले पोरोसिटीच्या वर्गमुळाने स्केल करून.

स्वतःचा कोड तपासायला एमआरएसटी आणि ओपीएम फ्लो हे दोन्ही तयार सिम्युलेटर फुकट आहेत. गाइडने वापरायला मनाई केलीय, तुलना करायला नाही ना?

सच्छिद्र२१

तुलनेला परवानगी आहे, विचारून घेतलं.

सरांनी दिलेले आकडे तपासले. ०.३ पट पाण्याला फ्रंटचा मधला भाग ०.५१ ते ०.५३ च्या दरम्यान येतोय, ब्रेकथ्रूला वॉटर कट ७० च्या अलीकडून चढतो आणि सेल वाढवले की उभा होत जातो. गाभाताई, वक्रांचं स्वतंत्र प्रकरणच करतो, आणि कोअर कसे धुतले हे डेटा देणाऱ्यांना आधी विचारतो, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं.

आता दोन दिशांत जायचंय. क्वार्टर फाइव्ह-स्पॉट, एका कोपऱ्यात इंजेक्शन, समोरच्या कोपऱ्यात प्रॉडक्शन. त्यानंतर एसपीई टेन या सिम्युलेटर तपासायच्या प्रसिद्ध मॉडेलचा एखादा थर घ्यावा असं मनात आहे. चालेल का?

फ्योर्ड

चालेल, पण थर बघून निवड. एसपीई टेनचं दुसरं मॉडेल २००१ चं, ६० गुणिले २२० गुणिले ८५, म्हणजे ११ लाख २२ हजार सेल. वरचे ३५ थर टार्बर्ट या खडकरचनेचे, त्यात पर्मिएबिलिटी बदलते पण हळूहळू. खालचे ५० अपर नेसचे, जुन्या नद्यांचे वळणावळणाचे पट्टे, शेजारच्या दोन सेलमध्ये पर्मिएबिलिटी हजारो पटींनी वेगळी. टार्बर्टपासून सुरू कर, नेसमध्ये तुझा प्रेशर सॉल्व्हर आधी रडेल. आणि काही सेलमध्ये पोरोसिटी शून्य आहे, त्यांनी भागाकार होऊ देऊ नकोस, ते सेल बंद ठेव किंवा अगदी बारीक किमान आकडा दे.

डार्सीप्रेमी

फाइव्ह-स्पॉट करताना ग्रिड एकदा ४५ अंशांत फिरवूनही चालव. इंजेक्शन ते प्रॉडक्शनची रेघ एकदा ग्रिडच्या कर्णावर आणि एकदा ग्रिडच्या ओळीवर, बाकी सगळं तेच. साध्या अपस्ट्रीमला ग्रिडच्या ओळींच्या दिशेने पाणी लवकर पोचवायची खोड आहे, आणि आत येणारा द्रव आधीपासून असलेल्या द्रवापेक्षा फार पातळ असला की ही खोड वाढते. तुझ्या पाचपटीला फरक थोडा दिसेल, तेल पन्नासपट घट्ट करून बघ, दोन ग्राफ एकाच केसचे आहेत यावर विश्वास बसणार नाही. तिथे सेल वाढवूनही हे पटकन सुटत नाही, स्वतःसकट नऊ सेल धरणारी स्कीम लागते. दोन्ही ग्राफ इथे टाक, मग बोलू.